नालबंदी

गेल्या भाद्रपदात मोटार सर्व्हिसिंगला टाकण्यासाठी आम्ही एका अधिकृत कार्यशाळेत गेलो असता तेथील तरुण सल्लागाराने (ज्याला पूर्वी कारकून म्हणत आणि त्याच्याही पूर्वी कारखानीस, त्याला हल्ली सल्लागार म्हणण्याची पद्धत आहे) आमच्यापुढे पाण्याचा पेला आणि एक रंगीत पत्रक ही दोन्ही एकदमच ठेवली. पत्रकाचा मतलब असा होता की, पुढील पाच वर्षांत किंवा पन्नास हजार किलोमीटरांत, यांपैकी जे आधी घडेल त्या मुदतीपर्यंत, गाडीच्या नियतकालिक देखभालीचा जो खर्च येईल तो आम्ही आजच एकरकमी भरून टाकावा, म्हणजे दरवाढीची धास्ती आमच्या माथ्यावरून उतरेल आणि गाडीची काळजी वाहण्याचे काम त्यांच्याकडे जाईल. ‘काका, एकदा भरलं की पाच वर्षं बघायलाच नको,’ असे तो मोठ्या आपुलकीने म्हणाला. विचार करून सांगतो, असे म्हणून आम्ही उठलो. परंतु घरी पोहोचेपर्यंत रकमेचा विचार मागे पडला आणि मराठ्यांच्या लष्करी हिशेबांत भेटणारा एक जुना शब्द डोक्यात घोळू लागला. तो शब्द म्हणजे नालबंदी.

नाल हा शब्द मूळचा अरबी आणि बंदी हा फारसी. दोहोंचा मिळून सरळ अर्थ घोड्याच्या खुरांना नाल ठोकणे एवढाच. परंतु माणसांप्रमाणे शब्दांनाही बढती मिळते. मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदाराला आपला घोडा, जीन, हत्यार आणि दाणागोटा यांची सिद्धता करता यावी म्हणून सरकारातून जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिलाच नालबंदी हे नाव पडले, आणि चार पैशांच्या लोखंडी पट्टीवरून निघालेला शब्द सबंध लष्करी तयारीच्या खर्चाचा वाचक होऊन बसला. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा स्वार आणि बारगीर म्हणजे सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा, हा भेद शाळेत सर्वांनी घोकलेला असतो. त्यातील व्यवहाराचा अंश मात्र असा की, घोडा लंगडला किंवा मेला तर शिलेदाराचे घर बुडे, आणि बारगिराच्या बाबतीत ते नुकसान सरकारच्या खाती पडे. या दृष्टीने पाहता स्वतःच्या पैशाने मोटार घेणारा आजचा गृहस्थ हा शिलेदारच होय, आणि कंपनीने दिलेल्या मोटारीतून हिंडणारा अधिकारी हा बारगीर. फरक इतकाच पडला आहे की जुनी नालबंदी धन्याकडून घोडेवाल्याच्या हाती येत असे आणि सांप्रतची नालबंदी घोडेवाल्याने आपल्या खिशातून नालबंदाला द्यावयाची आहे.

नालबंदाच्या धंद्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. घोड्याचा खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल उपटून, खूर तासून, तो पुन्हा ठोकावा लागतो, मग घोडा मजला मारीत असो की ठाणावर उभा राहून चंदी खात असो. म्हणजे नाल झिजतो तो मैलांनी आणि खूर वाढतो तो दिवसांनी, आणि या दोहोंपैकी जे आधी घडेल त्यावरून नालबंदाला बोलावण्याची वेळ ठरते. त्या रंगीत पत्रकातील कलम आम्हांस नवे वाटले होते. ते प्रत्यक्षात पागेइतके जुने निघाले.

दुरुस्तीची निश्चिंती ठोक मोबदल्याने विकत घेण्याचा दुसरा आणि कितीतरी अधिक व्यापक प्रघात म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेची जी चिकित्सा केली आहे, ती वाचल्यावर गावगाड्याविषयीचा भाबडा जिव्हाळा बराचसा ओसरतो. येथे आपणांस त्यातील फक्त लोहार आणि सुतार हवे आहेत. कुणब्याने वर्षभर फाळ शेवटून घ्यावा, विळे-खुरप्यांना धार लावून घ्यावी, नांगर, पाभर आणि कुळव नीट करून घ्यावे, आणि सुगीला खळ्यावर रास पडली म्हणजे ठरलेला वाटा लोहार-सुतारांना घालावा, असा हा अलिखित करार होता. लोखंड आणि कोळसा कुणब्याचा, भाता ओढायला आणि घण मारायलाही पुष्कळदा त्याच्याच घरचा माणूस. लोहाराचे असे ते केवळ कसब.

या करारात फेऱ्यांची संख्या कोठेही लिहिलेली नव्हती, हे त्याचे मर्म आहे. फाळ बोथट झाला की तो शेवटावयाचा, मग ते आठवड्यातून एकदा असो की मोसमातून एकदा. माळरानाच्या मुरमाड जमिनीत तो लवकर बोथट होई, काळ्या भुसभुशीत रानात उशिरा. देखभालीची मुदत वस्तूच्या झिजेवरून ठरे आणि मोबदला पिकावरून. लोहाराला फेरीमागे काही मिळत नसल्यामुळे फाळ मुद्दाम कच्चा ठेवून त्याचा काही लाभ नव्हता. उलट एकदाच नीट पाणी दिले की त्याचीच पुढची फेरी वाचे. अर्थशास्त्राच्या परीक्षेत याच विषयावर हल्ली मोठमोठी सूत्रे लिहावी लागतात. मात्र या निश्चिंतीची किंमत कोणी मोजली हेही विसरता येत नाही. बलुतेदाराचा धंदा जन्माने ठरलेला, गाव सोडून जाण्याची मुभा नावापुरती, ठरलेला वाटा प्रत्यक्षात किती पदरात पडेल हे देणाराच्या मर्जीवर. आणि ज्या महार समाजाकडून गावाने कामाच्या वेळेची कोणतीही मर्यादा न ठेवता राबवून घेतले, त्याच्या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावे लागले, आणि ती कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडले. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे एकाच शब्दाचे नाव दिले, त्यात या व्यवस्थेचा सारा जमाखर्च आला. ज्याला फेऱ्यांची संख्या ठरवून मागता येते, त्याला निदान नाही म्हणण्याचा अधिकार असतो, हे मोटारीच्या कारागिराकडे पाहताना आम्हांस पटते.

बैलगाडीची देखभाल ही तर मोटारीच्या देखभालीची साक्षात आजी. आखावर चाकाचा तुंबा फिरे तेथे वंगण लागे. ते तेल आणि काजळी एकत्र खलून घरीच केलेले असे आणि लांबच्या पल्ल्यावर ते गाडीबरोबर बाळगावे लागे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरे, कुणी (आखाची खीळ) काढी, चाक थोडे बाहेर सरकवी, आखाला काळे वंगण फासी आणि पुन्हा धुरेवर बसे. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की लोखंडी धाव सैल होई. मग ती उतरवून, जाळात लाल करून, पुन्हा चाकावर चढवून वर पाणी ओतावयाचे, हा सुतार-लोहारांचा संयुक्त सोहळा. कुरकुर हीच गाडीची तक्रारवही होती. पुस्तिका नव्हती, शिक्का नव्हता, आणि काचेवर पुढच्या तारखेची चिठ्ठी डकवायला काचही नव्हती.

कुरकुरण्याची वाट न पाहता, तारीख आली की सुस्थितीतील यंत्रसुद्धा उघडावयाचे, ही कल्पना आपल्याकडे रुजवली ती आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. आणि १८७९ मध्ये परळला व १९१५ मध्ये माटुंग्याला रेल्वेचे जे विस्तीर्ण कारखाने उभे राहिले, त्यांत अशी मुदतीची दुरुस्ती होऊ लागली. आजही फलाटावर उभ्या असलेल्या डब्याच्या अंगावर पाहिले तर मागील मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात झाली आणि परतीची तारीख कोणती, हे पांढऱ्या अक्षरांत रंगवलेले आढळते. प्रवाशांपैकी फारच थोडे ते वाचतात. आम्ही वाचतो, आणि आमच्या कुटुंबाला त्याचा त्रास होतो.

रेल्वेची मुदत कडक असण्याचे कारण उघड आहे: गाडी तिची, कारखाना तिचा, पगारी कारागीर तिचे आणि अपघाताची जबाबदारीही तिचीच. मुदत लवकर ठेवली तर खर्च वाढणार तिचा, उशिरा ठेवली तर नुकसानही तिचेच होणार. म्हणून तिने काढलेला आकडा हा बहुधा प्रामाणिक असतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली बस सोडून सुरू झालेल्या एस.टी.नेही हाच कित्ता गिरवला. आगारातील खड्ड्यावर गाडी घेऊन तिचे तेल, ब्रेक, स्प्रिंगा पाहणे हा तेथील नित्याचा परिपाठ झाला, आणि दसऱ्याला त्याच गाड्यांच्या तोंडावर झेंडूच्या माळा चढल्या. सरकारी पागेची परंपरा मोडली नाही. तिच्यात फक्त चारा बदलला.

खाजगी मोटारीची गोष्ट निराळी. ती मुंबईत अवतरली एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि जमशेटजी टाटांसारख्या मोजक्या धनिकांच्या दारी ती प्रथम उभी राहिली. तिच्याबरोबर आला शोफर. हा फ्रेंच शब्द मुळात भट्टीत कोळसा घालणाऱ्या माणसाचा वाचक. आणि प्रारंभीच्या मोटारहाक्याचे काम पाहता तो अगदी यथार्थ होता, कारण गाडी हाकणे हे त्याच्या दिवसभराच्या कामातील सर्वांत सोपे काम असे. सकाळी उठून ग्रीसच्या वाट्या पिळावयाच्या, तेलाच्या कुप्या भरावयाच्या, प्लग काढून खरवडावयाचे, आणि काही हजार मैल झाले की इंजिनाचे डोके उतरवून आतील काजळी घासून काढावयाची. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘टी’ मोटारीच्या (१९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी मोटारी निघाल्या) पुस्तिकेत नव्या गाडीचे तेल पहिल्या चार-पाचशे मैलांनी आणि त्यानंतर सुमारे साडेसातशे मैलांनी बदलावे, असा सल्ला असे. आजच्या पुणेकराने हा नियम पाळला तर वर्षातून दहा-बारा वेळा त्याला कार्यशाळेची पायरी चढावी लागेल.

इतकी तोकडी मुदत ठेवण्यात कोणाचा लोभ नव्हता. त्या यंत्राची ती खरोखरीच निकड होती. ‘टी’च्या इंजिनात तेल दाबाने खेळवणारा पंप नव्हता, फिरत्या भागांनी उडविलेल्या शिंतोड्यांवर सारा कारभार चाले. तेल गाळणारी जाळी म्हणावी तशी नव्हती, हवेतील धूळ अडवायला फारसे काही नव्हते आणि रस्ते तर धुळीचेच होते. शिवाय पेट्रोल जळताना जे वायू निर्माण होतात त्यांचा काही अंश दट्ट्याच्या कड्यांना चुकवून खाली तेलात उतरतो. त्यातून येते पाणी, काजळी, आम्ल आणि न जळलेले पेट्रोल, आणि तेल हळूहळू पातळ व कडवट होत जाते. तेल ‘संपते’ ते असे. त्याचे वंगणपण आटते त्याहून अधिक ते या परक्या मालाने भ्रष्ट होते. आणि गाडी दोन-दोन किलोमीटर हाकून थंड केली, तर त्यातील पाणी व पेट्रोल उडून जाण्याइतके ते तापतच नाही. म्हणून मुंबईहून कोल्हापूरला सरळ जाणाऱ्या गाडीपेक्षा सदाशिव पेठेतून मंडईपर्यंत रोज जाणाऱ्या गाडीचे तेल मैलांच्या मानाने लवकर नासते. पुस्तिकांच्या शेवटल्या पानांवर ‘कठोर वापर’ या मथळ्याखाली बारीक अक्षरांत हेच लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला वाटते की हे वाळवंटातील लोकांसाठी असावे.

पुढील काळात एकेक अडचण दूर होत गेली. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत प्युरोलेटर नावाचे तेलाचे गाळणे निघाले. काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये तेलात मिसळू लागले. थंडीत पातळ आणि उष्णतेत घट्ट राहणारे, अनेक प्रतींचे काम एकट्याने करणारे तेल आले. बंद सांधे आल्यावर ग्रीसच्या वाट्या गेल्या. कार्बुरेटर जाऊन मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली आणि पॉइंटची फट मोजणारी पातळ पट्टी मिस्त्रीच्या खिशातून नाहीशी झाली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या नियमांबरोबर इंधनातील गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आले, त्यासरशी तेलात उतरणारे आम्लही कमी झाले. मुदत यामुळे वाढली. साडेसातशे मैलांची दोन-तीन हजार मैल झाली, आणि १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर आपण मैल सोडून किलोमीटर धरले तेव्हा पाच हजार किलोमीटर हा आकडा रूढ झाला. तीन हजार मैलांचे नेमके ४,८२८ किलोमीटर होतात. पाच हजार ही त्याचीच सोयीस्कर गोळाबेरीज असावी, असा आमचा आपला संशय आहे. हल्ली हा आकडा बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने असा असतो. यंत्र बदलले की मुदत बदलावी हे रास्त. पण मुदतीला सवयीचे जडत्व असते, आणि ती ज्याच्या उत्पन्नाचे साधन झालेली असते त्याला हे जडत्व फारसे बोचत नाही.

आता मुंबईकडे पुन्हा वळावयाचे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, पण तो परदेशी सुट्या भागांचा. येथे मोटार बनवली पाहिजे या ईर्ष्येने सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याला कारखाना उभारला आणि तेथून पुढे फियाट बाहेर पडली, जी १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली. या गाडीने मुंबईला तिची काळी-पिवळी टॅक्सी दिली आणि महाराष्ट्राला एक आख्खी मिस्त्र्यांची पिढी दिली. कुर्ल्याचा सीएसटी रस्ता आणि पुण्याची नाना पेठ येथे सुट्या भागांची जी बाजारपेठ वसली तिची शाळा हीच. पेट्रोलपंपावर उंच ओट्यावर गाडी चढवून ‘ग्रीसिंग-ऑइलिंग’ होई, प्रवासाला निघण्याआधी ‘ऑइल-पाणी’ पाहिले जाई, नवी गाडी पहिले हजार किलोमीटर चाळिशीच्या वर न नेता रुळविली जाई. आमच्या मामांची फियाट होती. तिचे इंजिन दोनदा खोलून बांधले गेले आणि दोन्ही वेळा बांधणारा हात एकच होता; त्या मिस्त्रींचे पैसे मामा कधी दिवाळीला, कधी गाडी उभी राहिली त्या दिवशी देत, आणि मिस्त्री मुलीच्या लग्नाआधी ‘साहेब, थोडं पुढचं धरून द्या’ म्हणत. हीसुद्धा नालबंदीच, फक्त तिचे पत्रक छापलेले नव्हते. त्या पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि मिस्त्रीचे स्थान कंपनीच्या कार्यशाळेने घेण्यास आरंभ झाला. गाडीबरोबर एक पुस्तिका, पुस्तिकेत फाडून द्यावयाच्या मोफत सर्व्हिसिंगच्या चिठ्ठ्या. मोफत असे ती मजुरी. तेल, गाळणे आणि इतर माल यांचे पैसे पडतच, हे पहिल्या चिठ्ठीच्या वेळी कळल्यावर मध्यमवर्गाचा जो हिरमोड होई तो आम्ही अनुभवलेला आहे. तथापि आगाऊ पैसे भरण्याची सवय या वर्गाला होतीच. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबलेले होते. जो वर्ग वस्तू मिळण्यासाठी आगाऊ पैसे देत आला, त्याच वर्गाला पुढील काळात वस्तू मिळाल्यानंतरच्या देखभालीसाठी आगाऊ पैसे मागणे फारसे कठीण गेले नाही.

गाडीच्या हमीची मुदत वाढली तशी तिला एक शर्तही चिकटली, की गाडी बाहेरच्या मिस्त्रीच्या हाती गेली तर हमी उरणार नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू द्यावयाची नाही, या वर्तनावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड फर्माविला. कंपन्यांनी अपिले केली आणि प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. परंतु त्या निवाड्याने एक गोष्ट दप्तरी दाखल झाली, ती ही की गाडी विकण्यात जो नफा आहे त्याच्याइतकेच लक्ष कंपन्यांचे गाडी सांभाळण्याच्या नफ्याकडे आहे. आगाऊ भरण्याची योजना याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. ती केवळ सवलत नसते. पाच वर्षे गिऱ्हाईक दाराबाहेर पडू नये यासाठी घातलेली ती सौम्य बेडी असते. आणि एकदा दारात आलेल्या गाडीला इंजिन फ्लश, वातानुकूलनाचे निर्जंतुकीकरण, अमक्याची सफाई असे पुष्कळ काही सुचविता येते, जे त्या योजनेत नसते. बलुत्याच्या लोहाराला जादा फेरीत तोटा होता. येथे फेरी हीच संधी आहे.

तरीही योजना सरसकट टाकाऊ आहे असे म्हणणे हा आळस होईल. हिशेब मांडून पाहावा. समजा, दर वर्षाच्या अखेरीस एक सर्व्हिसिंग करावयाची, पहिली ६,००० रुपयांची आहे, त्यानंतर दर वर्षी तिचे दर शेकडा ५ ने चढतात आणि बँकेत ठेव ठेवली तर शेकडा साडेसहा व्याज मिळते. पाच वर्षांच्या शेवटी तुम्ही एकूण ३३,००० रुपयांहून थोडे अधिक दिलेले असाल. सल्लागार हाच आकडा दाखवितो आणि योजना तीस हजारांत देऊन तीन हजार वाचविल्याचे श्रेय घेतो. पण पुढे द्यावयाच्या त्या रकमा आज बँकेत बाजूला ठेवावयाच्या म्हटल्या तर २७,४०० रुपयांच्या आसपास पुरतात. म्हणजे योजना त्याहून स्वस्त पडली तरच ती स्वस्त. तीस हजारांत ती महागच आहे. शिवाय पहिल्या वर्षाची मजुरी एरवीही माफ असेल तर ती या हिशेबातून आधी वजा करावी. ब्रेकचे पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर ही जी खरी खर्चाची ठिकाणे, ती बहुतेक योजनांत वगळलेली असतात; हवेच्या आणि तेलाच्या गाळण्याची काळजी घेतली जाते आणि घोडा लंगडला तर तो शिलेदाराचा. गाडी मध्येच विकली तर उरलेल्या फेऱ्या नव्या मालकाला मिळतात की बुडतात, बदली होऊन नागपूरला गेलो तर तेथील कार्यशाळा हा कागद मानते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. ज्याची गाडी मुदतीतले किलोमीटर खरोखर पुरे करते, जो एकाच शहरात राहतो आणि ज्याला ओळखीचा मिस्त्री नाही, अशा गृहस्थाने योग्य किमतीत ही नालबंदी द्यावी. बाकीच्यांनी तेवढी रक्कम ठेवीत टाकून दर भाद्रपदात व्याजासह काढावी. विजेच्या मोटारींना तर इंजिनाचे तेलच नाही. त्यांच्या देखभालीची पत्रके जुन्याच साच्यात छापलेली पाहिली की आम्हांस तुंबा नसलेल्या गाडीला वंगण फासणाऱ्या गाडीवानाची आठवण होते.

आमची गाडी गेल्या वर्षात ४,२०० किलोमीटर चालली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू आणावयाला निघालो तेव्हा नाना पेठेत एका जुन्या मिस्त्रींच्या दुकानासमोर ती उभी केली. मामांची फियाट ज्यांनी बांधली त्यांच्या हाताखाली हे शिकलेले. त्यांना विचारले, ‘मिस्त्री, जरा तेल बघता का? बदलायला झालंय म्हणतात.’ त्यांनी बॉनेट उघडून पट्टी ओढली, कापडाने पुसली, पुन्हा बुडवून काढली, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळला, हुंगला, आणि उजेडाकडे बोट धरून पाहिले.

‘तेल चांगलंय अजून,’ ते म्हणाले. ‘वर्ष झालंय ना पण? मग शोरूमला टाकून बदलून घ्या. हमीच्या कागदावर शिक्का लागंल तुम्हाला.’